बांधलेले नळ

हे सगळं एक्क्याऐंशी साली घडलं. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी वस्तीतल्या विहिरींचे तळ दिसले आणि पाणी उरलं ते फक्त खाणीत. खाणीतलं पाणी उपसायला पंप अखंड चालायचे, आणि वर आम्ही बायका कोरड्या घागरी काखेत घेऊन उभ्या. माझे सासरे असते तर यावर काहीतरी तिरकस बोलले असते. पण ते आधीच गेले होते, छातीत कोळशाची धूळ साठून.

आम्ही कंपनीच्या खोल्यांत राहायचो. एका ओळीत खोल्या, पुढे सलग ओटा. ओट्यावर बसलं की टेकाडावरचं खाणीचं चाक दिसायचं. चाक फिरलं की माणसं खाली गेली किंवा वर आली, एवढं कळायचं. आमच्या खोलीत सासूबाई, थोरल्या जाऊबाई, त्यांची लहान मुलगी, मी आणि आमचे हे. मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, आदल्या पावसाळ्यात खाणीत छत कोसळलं त्यात गेले होते. त्यांच्यासकट सात जण, सगळे एकाच पाळीचे.

सासूबाई खाणीच्या न्हाणीघरात कामाला होत्या. ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. लांबलचक दगडी खोली, खिडक्या उंच, माणसाच्या हाताला न येणाऱ्या. एका टोकाला पाणी तापवायचा भला मोठा बंब. तिथून निघालेला जाड पाइप भिंतीवरून थेट दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला, आणि त्याला ओळीनं नळ, प्रत्येकाच्या तोंडाला चाळणी, म्हणजे पाणी डोक्यावर तुषारासारखं पडायचं. छताला कप्प्या, कप्प्यांवरून साखळ्या, साखळीला आकडा. खाली जाताना माणूस घरचे कपडे आकड्याला लावून वर ओढायचा. वर आला की ते उतरवून कामाचे काळे कपडे वर चढवायचा. त्यामुळे तिथे केव्हाही मान वर केली की कपडेच कपडे, बाह्या लोंबत, पाय लोंबत. वाफ वर गेली की ते हळूच हलायचे. सासूबाईंना डबा द्यायला गेले की मी वर बघायचं टाळायची.

"वर का बघत नाहीस गं धाकटे?" सासूबाई म्हणायच्या. "रिकामे आहेत ते. भरलेले खाली गेलेत."

इतक्या पुरुषांत ही बाई एकटी कशी वावरते, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलंही.

"अगं, ती काजळी धुतल्याशिवाय आतला माणूस दिसतच नाही. आणि धुतल्यावर दिसतो तो कुणाचा तरी पोरगा असतो. त्यात लाजायचं काय?"

प्रत्येकाचा आकडा ठरलेला, आकड्याखालचा नळ ठरलेला. माणूस गेला की त्याचा नळ बांधायचा. चावीला तार गुंडाळायची, आणि त्याच्या घरचा कुणी त्याच्या जागी कामाला येईपर्यंत ती सोडायची नाही. त्याचे कपडेही वरच राहायचे. मग वारस आला की त्याला नळाखाली उभं करायचं. बाकीच्यांनी आपापले नळ बंद करायचे. सासूबाईंनी पकडीनं तार तोडायची, आणि पहिलं पाणी वारसानं मान वर करून, तोंड उघडून, दीर्घ श्वास घेत अंगावर घ्यायचं. त्यानं मेलेल्याचा दम जिवंताच्या छातीत येतो म्हणायचे. हे कुणी सुरू केलं कुणास ठाऊक. माझ्या सासऱ्यांनीही त्यांच्या काकांच्या नळाखाली असंच तोंड उघडलं होतं.

आधी कधी एखादा नळ बांधलेला असायचा, तोही महिना-पंधरा दिवस. छत कोसळलं तेव्हा सात एकदम बांधले गेले. त्या पाळीचे नळ बंबापासून सगळ्यांत लांब, पार टोकाला. तिथे कढत पाणी कधी पोचायचंच नाही. त्यात नवे साहेब आले आणि त्यांनी बंबाची आच कमी करायला लावली.

"कोळशाच्या खाणीत कोळशाची काटकसर," बंबवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. "उद्या माशाला म्हणतील, पाणी जपून वापर."

पहिला वारस आला तो बांगडीवालीचा मुलगा. वडिलांच्या जागेवर. सासूबाई त्या दिवशी घरी आल्या आणि चुलीपाशी बसल्या. मग म्हणाल्या, "तार तोडली, चावी फिरवली, तर पाणी येईना. आधी नळ खोकला."

"नळ कसा खोकेल?" मी म्हटलं.

"खोल. कफ दाटल्यासारखा. आतल्या आत घरघरला, थांबला, परत खोकला. अगदी त्याच्या बापाचा खोकला गं. सगळ्यांनी ओळखला. मग तांबूस पाणी आलं, आणि ओल्या लोखंडाचा वास."

जाऊबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. पण त्या दिवसापासून त्या न्हाणीघराच्या दिशेला कान लावून असायच्या, असं मला वाटायचं.

आठवडा झाला नसेल, बांगडीवालीच्या मुलाला ताप भरला. असा ताप की अंगावर ओलं फडकं टाकलं तर ते वाळून कडक व्हायचं. छाती वाजायची, पोट बिघडलेलं. आणि तो कोपऱ्यातल्या कुणाशी तरी बोलायचा. अगदी आदबीनं. आईला म्हणायचा, "अगं, यांना बसायला दे ना काहीतरी. कधीचे उभे आहेत." बांगडीवालीनं बिचारीनं रिकाम्या कोपऱ्यात पाट मांडला. त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला.

मग पहिलवान. हे काही त्याचं नाव नव्हे, पण सगळे तसंच म्हणायचे. दोन माणसांचं लाकूड एकटा उचलायचा. काकाच्या जागेवर आला, त्याच्याही नळानं आधी खोकून घेतलं, आणि तोही तसाच तापला. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं इंजेक्शनं दिली, ती दगडाला दिल्यासारखी. पहिलवानाची बायको त्याच्या उशापाशीच झोपायची, त्याचं उष्टं खायची, तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. म्हातारी आई ठणठणीत. गेला तो तेवढा तोच.

पाण्याच्या रांगेत याचीच चर्चा. गवळणीनं एक वाक्य टाकलं आणि ते वस्तीभर झालं.

"साथ असती तर घर बघून आली असती. ही नाव बघून येते."

शेजारच्या नळांखालचेही काही जण खोकत होते म्हणे. पण खाणीत कोण खोकत नाही?

आणि अशातच कंपनीचा माणूस आमच्या ओट्यावर आला. एका खोलीमागे खाणीत एक माणूस, असा नियम. सासूबाई वरच्या कामाला, त्यांना त्यात धरत नव्हते. हे सुतार. खाणीतल्या छताला लागणारे लाकडी टेकू कापायचे, पण वर, उजेडात, आणि ठेकेदाराकडे. म्हणजे यांनाही धरत नव्हते. महिनाअखेरीपर्यंत यांनी भाऊजींच्या जागेवर जायचं, नाहीतर खोली सोडायची.

तो माणूस गेला. हे रंध्याचं पातं दगडावर घासत होते. ते घासणंच तेवढं चाललं होतं.

"जाईन," शेवटी हे म्हणाले. "टेकू कापता येतो तर लावताही येईल."

"जाल, पण त्या नळाखाली उभं नाही राहायचं," मी म्हटलं. सासूबाईंसमोर मी एवढं स्पष्ट कधी बोलले नव्हते. "अंघोळ घरी करायची. मी आणीन पाणी कुठूनही."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे त्यांचा नळ तसाच बांधून ठेवायचा? तिथे तारेत?"

"वहिनी, तसं नाही म्हणत ती," हे म्हणाले.

"मग कसं म्हणते? सात जण होते. पाच अजून बांधलेले आहेत. प्रत्येकीला वाटतं आपला आधी सुटावा. माझ्या माणसाला सख्खा भाऊ असून तो तिथेच राहणार?"

"जाऊबाई, दोघं गेले," मी म्हटलं.

"ते त्यांच्या माणसांनी नेले. आमचे तसे नव्हते."

सासूबाई मुलीच्या केसांतली गुंत सोडवत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी खाली तर जाऊ दे. नळाचं नळापाशी बघू."

हे खाली जायला लागले. संध्याकाळी काळे होऊन घरी यायचे, मागच्या दारी बसायचे, आणि मी तांब्यानं पाणी घालायची. पाणी ते किती, पाठ भिजली तर पोट कोरडं. काजळी कानामागे, नखांत, पापण्यांच्या मुळाशी तशीच राहायची. उशी काळी, ताटाची कड काळी. ओट्यावरून जाणारे बघायचे. न्हाणीघर असताना घरी काळा येणारा माणूस म्हणजे भावाला नाकारणारा माणूस.

खाली तर आणखीच वाईट. टेकू लावायला दोघं लागतात, एकानं धरायचा, दुसऱ्यानं ठोकायचा. यांचा टेकू धरायला कुणी यायचं नाही. मुकादम वाईट नव्हता, पण तोही म्हणाला, "गड्या, राग नको मानू. ज्याचं मेलेल्या भावाशी पटत नाही त्याच्या डोक्यावरचं छत कुणी धरायचं?" जेवायला बसले की यांचा डबा सगळे आपल्या डब्यांपासून पायानं बाजूला सरकवायचे. यांनी मला त्यातलं कधी काही सांगितलं नाही. डब्याच्या कडेला बुटाचा ओरखडा दिसला म्हणून मी खोदून विचारलं.

एके दिवशी टेकू निसटून यांच्या खांद्यावर आला. हाड वाचलं. त्या संध्याकाळी पाठीवर पाणी घालताना तो काळानिळा खांदा मी चुकवत होते.

"मी तोडायला सांगतो आईला तार," हे म्हणाले. "तापानं मरायचं ते दिसेल तेव्हा दिसेल. लाकडाखाली तर उद्याच मरेन."

मी उरलेलं पाणी त्यांच्या पाठीवर ओतलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई आमच्याकडे आल्या. कंपनीच्या दवाखान्यात नव्यानंच आल्या होत्या. वयानं माझ्याएवढ्या, चालताना साडी घोट्याच्या वर धरायच्या, तरी तिला काळी किनार लागलेली. दोन्ही मेलेल्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या. ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि सासूबाईंना नळांबद्दल विचारत राहिल्या. कुठला कधी बांधला, पाणी कसं आलं, किती कोमट.

मग म्हणाल्या, "मावशी, हा रोग माणसाचा माणसाला होत नाही. पाण्यात जंतू असतात. वाहत्या पाण्यात, कढत पाण्यात त्यांचं काही चालत नाही. पाणी कोमट असलं आणि थांबून राहिलं की ते पाइपच्या आत शेवाळासारखे धरतात. आणि मग नळ सोडला की त्या बारीक तुषारांतून थेट छातीत."

"मी रोज तेच पाणी पिते," सासूबाई म्हणाल्या. "मला का नाही झालं?"

"पिऊन नाही होत. श्वासातून होतो."

"आणि तुमचे जंतू वारसदार बरोबर ओळखतात? कंपनीलासुद्धा एवढं पटकन ओळखता येत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "वारसालाच तुम्ही पहिल्या पाण्यात उभं करता ना."

सासूबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी विचारलं, "मग करायचं काय म्हणता?"

"बंब पूर्ण तापवायचा. न्हाणीघर रिकामं करायचं. सगळे नळ, बांधलेलेसुद्धा, सोडून द्यायचे, आणि कढत पाणी वाहू द्यायचं. जवळ कुणी उभं राहायचं नाही. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणतात, दुष्काळात पाणी गटारात सोडायचं, वेड लागलंय का."

"साहेबांचं सोडा," जाऊबाई दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "खाली कुणी उभं नाही, आणि त्यांचं पाणी गटारात? घरातून हाकलून देतात तसं? पाचही जणी दारात आडव्या पडतील, बाई. आधी मी."

डॉक्टरीणबाई उठल्या. निघताना त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "निदान तुमच्या माणसाला पहिल्या पाण्यात उभं राहू देऊ नका."

म्हणजे तेच, जे मी आधीच सांगून चुकले होते.

तार तोडायचा दिवस ठरला. पाळी सुटली, माणसं वर आली. वारसाच्या बायकोनं कोरडे कपडे घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी उभं राहायचं असतं, तशी मी उभी होते. शेजारी जाऊबाई. आत उजेड असा वरून तिरका पडलेला, वाफेत अडकलेला. पंचे गुंडाळलेली काळी माणसं एकेक करून आपले नळ बंद करत गेली. शेवटचा नळ बंद झाल्यावर इतकं शांत झालं, की बंबात निखारा पडलेला ऐकू आला. वर भाऊजींचे कपडे होते. वर्ष होत आलं होतं. गुडघ्यापाशी पँटला त्यांचा बाक तसाच होता.

हे जाऊन नळाखाली उभे राहिले. सासूबाई पक्कड घेऊन आल्या. तार गंजली होती, दोनदा दाबावी लागली. ती तुटून फरशीवर पडली. त्यांनी चावीवर हात ठेवला, आणि म्हणाल्या,

"सरक."

"काय, आई?"

"बाजूला हो."

मुकादम दोन पावलं पुढे आला. "मावशी, असं नाही करत कुणी."

"आजवर कुणाची आई होती रे इथे? मग करत नाही हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी यांच्या छातीला तळवा लावून यांना मागे ढकललं. "याच्या आधी तो माझा होता. पहिलं पाणी माझं."

आणि त्या लुगड्यासकट नळाखाली उभ्या राहिल्या. चावी फिरवली.

नळ खोकला. मी तो आजही सांगू शकते कसा ते. आधी लांबून, भिंतीच्या आतून कुणी चालत यावं तसा धप धप आवाज. मग चाळणीपाशी येऊन एक कोरडा ठसका, थांबणं, आणि मग घसा खरवडून काढलेला लांब खोकला. जाऊबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"तेच आहेत," त्या म्हणाल्या. "तेच."

तांबूस तुषार सुटले. सासूबाईंनी मान वर केली आणि तोंड उघडलं. पाठ वाकलेली म्हातारी बाई, पण त्या वेळी ताठ उभी होती. पाणी स्वच्छ झालं तरी हटल्या नाहीत. शेवटी त्यांनी बादली नळाखाली धरून भरली, आणि यांना खाली बसवून, लहान मुलाला घालतात तशी अंघोळ घातली. दोन्ही गोष्टी झाल्या. भावाचं पाणी भावाला मिळालं. दुसऱ्या दिवशी यांचा टेकू धरायला मुकादम स्वतः आला.

त्या रात्री चूल सारवताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला डॉक्टरीणबाईंचं पटलं होतं का?"

"छे."

"मग?"

"पटायला कशाला हवं? तिचं खरं असलं तरी आणि थोरलीचं खरं असलं तरी, मीच उभी राहिलेली बरी."

पाचव्या दिवशी त्यांना ताप भरला.

डॉक्टरीणबाई दिवसातून तीनदा येत होत्या. त्यांनी वेगळं औषध शहरातून मागवलं, पण सासूबाईंच्या छातीत पन्नास वर्षांची वाफ आणि धूळ आधीच होती. मी आणि जाऊबाई आळीपाळीनं बसायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे डोळे कोपऱ्याकडे वळले. त्या कोपऱ्यात आमची तांब्याची घागर असायची, दुसरं काही नाही. जाऊबाई श्वास रोखून पुढे झुकल्या. आता त्या नवऱ्याचं नाव ऐकायला थांबल्या होत्या, हे मला कळत होतं. सासूबाई मात्र बोलेनात. नुसत्या बघत होत्या. डोळे असे हळूहळू सरकत होते, ओळीतल्या एकेका माणसाकडे बघावं तसे. एका जागी थांबायचे, मग पुढे. बराच वेळ हे चाललं. जाऊबाईंची मुलगी खेळता खेळता त्या कोपऱ्यात गेली, तर सासूबाईंनी हात हलवून तिला बाजूला व्हायला सांगितलं. मधे येत होती.

तिन्हीसांजेला ताप थोडा उतरला. त्या शुद्धीवर होत्या, पाणी मागितलं, मला धाकटी म्हणाल्या, म्हणजे ओळख होती. मग जाऊबाईंचा हात धरला.

"थोरले, तो नाही त्यात."

"कशात?"

"बरेच जण उभे आहेत. मी एकेकाचं तोंड पाहिलं. आपला नाही."

"नीट पाहिलंत का, आई?" जाऊबाईंना पहिल्यांदाच त्यांना आई म्हणताना ऐकलं मी.

"काजळीतून नुसत्या पाठीवरून ओळखायची मी त्याला. बांगडीवालीचा नवरा नाही. पहिलवानाचा काका नाही. सातांतला एकही नाही. आपलं कुणी नाही गं तिथे." त्यांना धाप लागली. "आपला असता तर मला बघून बोलल्याशिवाय राहिला असता का?"

"मग कोण आहेत ते?" मी विचारलं.

"काय माहीत. सगळे ओले आहेत."

जाऊबाई त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या, मी तर बघूच शकले नाही. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "ते पाणीच आहे. त्या डॉक्टरीण पोरीला सांग, सोड म्हणावं सगळे नळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

त्यांना पोचवून आल्यावर मुकादम आणि दोघं-तिघं ओट्यावर आले. सासूबाई न्हाणीघरातल्या, पण त्यांचा स्वतःचा नळ कुठे होता? तेव्हा त्यांच्या नावानं एखादा बांधावा, अशी माणसांची इच्छा होती. कुठला ते विचारायला आले होते.

"एकही नाही," जाऊबाई म्हणाल्या. "उरलेले चार सोडायचे आहेत."

त्याच दिवशी भर दुपारी त्या चार घरी गेल्या. मी बरोबर होते. प्रत्येक घरी त्यांनी तेवढंच सांगितलं, जे सासूबाईंनी सांगितलं होतं, एक शब्द वाढवला नाही. "मी पाहिलं असं नाही म्हणत. त्यांनी पाहिलं. आणि त्या आई होत्या." एक जण भांडली, एकीनं दार लावून घेतलं आणि मग आतून पायताण घालून बाहेर आली. बांगडीवाली न बोलावता आली. ती रस्ताभर म्हणत होती, "मी पाट कुणाला दिला मग? कुणाला दिला?"

बंबवाल्यानं साहेबांना न विचारता बंबात फावड्यानं कोळसा लोटला. पाइप इतका तापला की त्यावर उडालेलं पाणी उकळून नाचायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या तोंडाला ओली फडकी बांधायला लावली. चारही बायकांनी आपापली तार तोडली, चावी पूर्ण फिरवली, आणि मागं वळून न बघता बाहेर आल्या. बंबवाल्यानं दार ओढून घेतलं आणि बाहेरून मुख्य पाणी सोडलं.

आम्ही बाहेर उन्हात उभ्या. आत सगळे नळ एकदम खोकायला लागले. एकाचा खोकला दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, जणू आत एक अख्खी पाळी कोंडलेली होती आणि दारापर्यंत आली होती. पहिलवानाची बायको खाली बसली. उंच खिडक्यांतून वाफ बाहेर लोटली. मग खोकला तुटक झाला, मग नुसतं पाणी. कडेच्या गटारातून ते आमच्या पायांजवळून गेलं, आधी तांबडं, मग करडं, मग आरपार दिसणारं. बायका ते बघत राहिल्या. कुणी रडलं नाही. त्यात आपलं कुणी नाही, हे आता ठरलं होतं.

साहेब धावत आले. "इतकं पाणी वाया? लोक प्यायला पाणी नाही म्हणून ओरडतायत."

"घ्या ना साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "प्यायला हरकत नाही म्हणतात. श्वास तेवढा घेऊ नका."

वाफ निवल्यावर विधवांनी आपल्या हातांनी साखळ्या सोडल्या आणि कपडे खाली उतरवले. ओले, जड, वाफेनं मऊ झालेले. जाऊबाईंनी भाऊजींचे कपडे दगडावर धुतले. धुवायला किती दिवस गेले ते विचारू नका. धूळ निघतच नव्हती.

पुढे कुणाचं काय झालं ते सांगते. डॉक्टरीणबाईंनी पाण्याच्या बाटल्या शहरात तपासायला पाठवल्या होत्या. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, आणि वर्षभरात त्यांची बदली झाली. साहेबांची झाली नाही. पण बंबाची आच पुन्हा कुणी कमी केली नाही, कारण बंबवाला ऐकायचा नाही. तो निवृत्त झाल्यावर मुलाकडे राहायला गेला आणि तिथे त्याला अंघोळीला गार पाणी देतात अशी पत्रं लिहायचा. मुकादम धुळीनं गेला. बांगडीवाली आमची वस्ती सोडून बहिणीकडे गेली, नंतर तिचं काही कळलं नाही. पहिलवानाच्या बायकोनं दुसरं लग्न केलं, ते चांगलं झालं.

न्हाणीघरातलं काम जाऊबाईंना मिळालं. कोणी गेलं तर त्याचा नळ बांधायचा नाही. रोज सकाळी न्हाणीघर रिकामं असताना तो सोडायचा, आपण दाराबाहेर थांबायचं, पाणी कढत होईपर्यंत वाहू द्यायचं. वारस येईपर्यंत रोज. नव्या माणसांना वाटतं हीच पूर्वीपासूनची रीत. जाऊबाईंची मुलगी शिकली, शिक्षिका झाली, आणि आईला घेऊन गेली. जाऊबाई तिच्याकडेच गेल्या, झोपेत.

आणि हे. हे दोन वर्षं खाली गेले. मग न्हाणीघरातलं काम खोलीमागे धरायचं असं ठरलं, तसे हे वर आले आणि पुन्हा रंधा हातात घेतला. आमच्या मुलींच्या लग्नांतले पलंग यांनीच केले. सत्तरी ओलांडली. शेवटी ऐकू कमी यायचं, त्यामुळे ओरडून बोलायचे. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी चष्मा सापडत नाही म्हणून माझ्यावर ओरडत होते, मीच कुठेतरी ठेवला म्हणत होते. मी भांडी घासत होते. चष्मा कपाळावर आहे, असं मी पाठमोरीच दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा उलट उत्तर आलं नाही, म्हणून हात पुसून मागे वळले. चष्मा कपाळावर तसाच होता, हे मात्र गेले होते.